जाण्याचं तिकीट वापरलं, परतीचं राहिलं : रिफंड किती आणि कसा मिळतो?

अबोली_कर्वेनगर
20 मे 2024, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. एक पेच पडलाय, जाणकारांनी मदत करावी.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात रेडिंगला असते. तिच्या बाळंतपणासाठी आई-बाबा 9 फेब्रुवारीला गेले होते. मुंबई-लंडन-मुंबई असं थेट विमानाचं येण्याजाण्याचं तिकीट, परतीची तारीख 27 जून. एप्रिलच्या शेवटी साताऱ्याच्या आत्याची तब्येत एकाएकी ढासळली. बाबांची ती एकुलती बहीण, त्यांचा पाय तिथे ठरेना. आहे त्याच तिकिटाची तारीख अलीकडे घ्यायला गेलो, तर तारीख बदलायचा दंड आणि भाड्यातला फरक मिळून माणशी 52,000 रुपये सांगितले. दुसऱ्या कंपनीचं एकेरी तिकीट 41,000 ला मिळत होतं. ते काढून दोघं 28 एप्रिलला आले. आत्याची भेट झाली. ती 6 मेला गेली.

आता सगळं आटोपल्यावर मी ती जुनी तिकिटं काढून बसलेय. एकाचे 65,400 रुपये, दोघांचे 1,30,800. परतीचा प्रवास तसाच पडून आहे. एजंटला फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, जायचं तिकीट वापरलंत ना, आता ते नॉन-रिफंडेबल. त्यात काही निघत नाही, सोडून द्या." बाबा पण म्हणतात सोडून दे. पण पैसे त्यांच्या पेन्शनचे आहेत, आणि अर्धा प्रवास झालेलाच नाही. मग निदान निम्मे तरी मिळायला नकोत का? 27 जूनपर्यंत थांबू की आत्ताच रद्द करू? कंपनी परदेशी आहे, आपले नियम तिला लागतात का?

---

पिंपळपान
20 मे, रात्री 10.05

आत्याबाईंना श्रद्धांजली. भेट झाली हे फार मोठं.

रिफंडचं मला ठाऊक नाही, पण आमचीही दोन तिकिटं याच कारणानं गेल्या वर्षी पाण्यात गेली. वाचत राहीन.

---

भरतीओहोटी
20 मे, रात्री 10.30

निम्मा प्रवास, निम्मे पैसे. साधा हिशेब आहे. एसटीचं परतीचं तिकीट काढलं आणि आलो नाही तर आपण निम्मेच मागतो ना? कंपनीला सरळ नोटीस पाठवा आणि ग्राहक मंचात जा. आपण गप्प बसतो म्हणून यांचं फावतं.

---

तिकीटखिडकी
21 मे, सकाळी 7.15

अबोलीताई, फोर्टमधल्या एका एजन्सीत मी सव्वीस वर्षं तिकिटं काढली आणि रिफंडचे हिशेबही केले. आता निवृत्त आहे. शांतपणे वाचा, घाई नको, पण 27 जूनच्या आत हे काम व्हायला हवं.

आधी निम्म्याचा प्रश्न. भरतीओहोटी, तुमची भावना रास्त आहे, पण आंतरराष्ट्रीय येण्याजाण्याचं भाडं म्हणजे दोन एकेरी भाड्यांची बेरीज नसते. मोठ्या कंपन्यांचं एकेरी भाडं पुष्कळदा येण्याजाण्याच्या भाड्याच्या अगदी जवळ जातं, कधी त्याच्याही वर. जाऊन-येऊन करणाऱ्या प्रवाशाला स्वस्त दर दिलेला असतो आणि तो दोन्ही टप्पे मिळून एकच मानला जातो. त्यातला एक टप्पा वापरून दुसरा सोडलात, की कंपनी म्हणते, "मग तुम्ही एकेरी प्रवास केला, तुम्हाला एकेरी भाडं लागू." हिशेब असा करतात : भरलेलं मूळ भाडं, त्यातून झालेल्या प्रवासाचं एकेरी भाडं वजा, त्यातून रद्द करण्याचा दंड वजा. उरलं तर तुमचं. एकेरी भाडं तुमच्याच बुकिंग क्लासचं (म्हणजे दराच्या श्रेणीचं) नसेल तर वरच्या क्लासचं धरतात, म्हणजे वजाबाकी आणखी मोठी होते.

आता दुसरी गोष्ट, आणि इथेच बहुतेक लोक पैसे सोडून देतात. तिकिटाच्या रकमेत भाडं वेगळं, कंपनीनं लावलेला अधिभार वेगळा आणि कर वेगळे. "नॉन-रिफंडेबल" हा शिक्का भाड्यावर असतो. करांचं तसं नाही. लंडनहून विमानात बसलं तरच लागणारा कर, तुमचे आई-बाबा तिथून त्या विमानात बसलेच नाहीत तर कंपनी सरकारला भरत नाही. मग तो तिनं ठेवून का घ्यावा?

तुमच्याकडे ई-तिकिटाची पावती असेल. एजंटनं दिलेलं प्रवासाचं वेळापत्रक नको, पावती हवी. तिच्यावर 13 आकडी तिकीट क्रमांक असतो आणि खाली करांची रांग, दोन-दोन अक्षरी खुणा असलेली. ती इथे लिहा (नावं आणि क्रमांक झाकून), मग नेमकं सांगता येईल.

तोवर एकच करा : कुठलंही बटण दाबू नका.

---

रानजाई
21 मे, दुपारी 2.20

मी स्लावला राहते, अबोली. तुझ्या बहिणीपासून गाडीनं अर्ध्या तासावर.

काकांनी म्हटलेला कर म्हणजे इथली एअर पॅसेंजर ड्युटी. इंग्लंडातून उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर ती लागते, इथे येणाऱ्यावर नाही. भारत अंतराच्या दुसऱ्या पट्ट्यात येतो, 2,001 ते 5,500 मैल. इकॉनॉमीला 1 एप्रिल 2024 पासून 88 पौंड, त्याआधी 87 होते. म्हणजे तुझ्या आई-बाबांच्या परतीच्या टप्प्यात माणशी 88 पौंड याच एका कराचे असणार. त्याशिवाय हीथ्रोचं प्रवासी सेवा शुल्क.

जाता जाता, मुलं घेऊन प्रवास करणाऱ्यांसाठी : इकॉनॉमीत 16 वर्षांखालच्या मुलांना ही ड्युटी माफ आहे. बुकिंग करताना मुलाची जन्मतारीख नीट घातली आहे ना ते बघा. माझ्या जावेच्या तिकिटात मुलगा मोठा म्हणून पडला होता आणि पूर्ण ड्युटी लागली होती. पावती हातात होती म्हणून परत मिळाली.

---

अबोली_कर्वेनगर
21 मे, रात्री 8.50

काका, रानजाई, मनापासून आभार. पावती मिळाली, बाबांनी पासपोर्टच्या पाकिटात चार घड्या घालून ठेवली होती. घडीवर शाई उडालीय, म्हणून भिंगातून वाचून लिहिते. एका तिकिटाचं :

मूळ भाडं 33,500
वायक्यू / वायआर 14,000
केथ्री 2,375
जीबी 9,280
यूबी 4,990
पीटू आणि आयएन मिळून 1,255
एकूण 65,400

भाड्याच्या नियमांत इंग्रजीत लिहिलंय की "बिफोर डिपार्चर" रद्द केलं तर 15,000 दंड, आणि "आफ्टर डिपार्चर" असेल तर दंड घेऊन "फरक असल्यास तो परत". म्हणजे विमान उडून गेल्यानंतर रद्द केलं तरी चालतं का? मग 27 जून उलटून गेली तरी हरकत नाही असं समजायचं?

---

तिकीटखिडकी
21 मे, रात्री 10.10

नाही, नाही. हा गोंधळ माझ्या नोकरीत मी शेकडो वेळा पाहिला, म्हणून ठळक सांगतो. भाड्याच्या नियमांतलं "डिपार्चर" म्हणजे प्रवासाची सुरुवात, तिकिटावरचा पहिला टप्पा. 9 फेब्रुवारीला आई-बाबा मुंबईहून निघाले तिथेच तुमचं तिकीट "आफ्टर डिपार्चर" झालं. परतीचं विमान 27 जूनला सुटायच्या आत रद्द केलंत तर ते "आफ्टर डिपार्चर" रद्द करणं. आणि न कळवता विमान सुटू दिलंत तर तो "नो शो". त्याचा दंड वेगळा आणि बहुधा जबर असतो. तेव्हा 27 जूनच्या आतच.

आता रांग वाचू या.

केथ्री म्हणजे जीएसटी. इकॉनॉमीला 5 टक्के, मूळ भाडं अधिक वायक्यू-वायआर यांच्यावर. 33,500 आणि 14,000 मिळून 47,500, त्याचे 5 टक्के 2,375. बरोबर जुळतंय. भाडं कंपनीकडेच राहिलं तर त्यावरचा हा करही परत येत नाही.

पीटू म्हणजे विमान वाहतूक सुरक्षा शुल्क, आयएन म्हणजे विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क. दोन्ही मुंबईहून निघतानाचे. आई-बाबा निघाले, ते वापरले गेले.

वायक्यू आणि वायआर करांच्या रांगेत बसतात, पण ते कर नव्हेत. कंपनीचा स्वतःचा अधिभार, पूर्वी इंधन अधिभार म्हणायचे. तो परत मिळणार की नाही हे भाड्याच्या नियमात लिहिलेलं असतं. स्वस्त भाड्यात बहुधा नाही.

उरले जीबी आणि यूबी. जीबी म्हणजे रानजाईंनी सांगितलेली ड्युटी, यूबी हीथ्रोचं शुल्क. दोन्ही परतीचे, दोन्ही न वापरलेले. 9,280 अधिक 4,990, म्हणजे 14,270. दोघांचे 28,540.

भाड्यातून काय निघेल तेही करून बघू. फेब्रुवारीत त्या कंपनीचं मुंबई-लंडन एकेरी मूळ भाडं किती होतं ते एजंटला विचारा. समजा 29,000 असेल, तर 33,500 मधून ते गेल्यावर उरतात 4,500, आणि दंड आहे 15,000. म्हणजे भाड्यातून शून्य. पण दंड भाड्याला लागतो. तो वाढत जाऊन करांच्या रकमेतून कापता येत नाही. एजंट असं काही कापू लागला तर लेखी मागा.

तुमचा एजंट खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. "काही निघत नाही" हे भाड्यापुरतं खरं आहे. पण पुढची रांग वाचायचे कष्ट फार कमी जण घेतात, कारण असा रिफंड हातानं हिशेब करून पाठवावा लागतो. कागदी तिकिटांच्या काळी चार पानांची पुस्तिका असायची, प्रत्येक पानामागे लाल कार्बन. काउंटरवरचा माणूस त्या त्या टप्प्याचं कूपन फाडून घ्यायचा आणि उरलेली कूपनं प्रवाशाच्या हातात राहायची. रिफंडला आलेला माणूस ते न फाडलेलं कूपन टेबलावर ठेवायचा. आमची बोटं लाल व्हायची, पण राहिलेला प्रवास डोळ्यांना दिसायचा. 1 जून 2008 पासून जगभर ई-तिकिटं झाली. कूपन आजही आहे, फक्त ते यंत्रात "ओपन" असं पडून राहतं आणि कुणाला दिसत नाही.

---

सातपुडा
22 मे, सकाळी 11.30

काका, कूपनांवरून आमची गोष्ट सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पुणे-दिल्ली-टोरांटो आणि परत, असं माझ्या मेव्हण्याचं एकच तिकीट होतं. दिल्लीत चुलत भावाचं लग्न आलं, म्हणून तो चार दिवस आधी रेल्वेनं दिल्लीला गेला. म्हणाला, पुणे-दिल्ली सोडून देऊ, दिल्लीहून बसू, कंपनीचा फायदाच आहे. दिल्लीला काउंटरवर गेल्यावर कळलं की पुण्याच्या विमानात "नो शो" पडला आणि पुढचं सगळं, परतीसकट, आपोआप रद्द झालं. रात्री दोन वाजता, बॅगा ढकलगाडीवर, बायको-मुलं शेजारी. शेवटी भाड्यातला फरक भरून तिकीट नव्यानं काढावं लागलं. किती भरले ते तो अजून सांगत नाही.

---

तिकीटखिडकी
22 मे, दुपारी 12.15

सातपुडा, फार महत्त्वाचं लिहिलंत. कूपनं क्रमानंच वापरायची असतात. पहिलं गाळून दुसरं वापरता येत नाही. शेवटचं सोडलं तर मागचं काही बिघडत नाही, पहिलं सोडलं तर पुढचं सगळं जातं. असा बदल करायचा असेल तर विमान सुटायच्या आत कंपनीला कळवून तिकीट नव्या मार्गानं बदलून घ्यायचं. थोडे पैसे लागतील, पण निदान विमानात बसायला मिळेल.

---

वसुमती
22 मे, दुपारी 4.00

माझा प्रश्न साधा आहे. आम्ही चौघं पुण्याहून नागपूरला जाऊन परत येणार होतो, स्वस्तातल्या कंपनीचं विमान, एकच पीएनआर. जाणं झालंय, म्हणजे नागपुरात पोचलोय. आता ह्यांना आणि मला इथे लेकीकडे महिनाभर थांबायचंय, मुलगा-सून ठरल्या दिवशी परत जाणार. आम्हा दोघांचंच परतीचं रद्द करायचं तर आमचंही एकेरी भाडं कापणार का? आणि मुलाच्या तिकिटाला धक्का नाही ना लागणार?

---

तिकीटखिडकी
22 मे, सायंकाळी 5.20

वसुमतीताई, देशांतर्गत स्वस्त कंपन्यांकडे प्रत्येक टप्प्याचं भाडं स्वतंत्र असतं. येण्याजाण्याचं तिकीट म्हणजे दोन एकेरी तिकिटं एका पीएनआरखाली बांधलेली. तिथे ही एकेरी भाड्याची वजाबाकी येत नाही. परतीच्या टप्प्याचं भाडं, त्यातून त्या टप्प्याचा रद्द करण्याचा आकार वजा, एवढंच. मात्र येण्याजाण्याची म्हणून खास सवलत घेतली असेल तर ती काढून घेतात, तेवढं तपासा.

धोका बटणात आहे. संकेतस्थळावर "रद्द करा" दाबल्यावर आधी कोणता टप्पा आणि मग कोणते प्रवासी ते विचारतं, आणि सगळ्यांच्या नावापुढे खूण आधीच केलेली असते. मुलाच्या आणि सुनेच्या नावापुढची खूण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याहून बरं म्हणजे आधी फोन करून पीएनआर दोन करून घ्या, तुमचा वेगळा आणि मुलाचा वेगळा. मग चूक झाली तरी त्यांची जागा शाबूत राहते.

---

वसुमती
22 मे, रात्री 8.10

पीएनआर वेगळे झाले. फोनवर पंचवीस मिनिटं लागली, पण झाले. खरंच दोन्ही नावांपुढे खुणा होत्या हो. उपकार झाले.

---

भरतीओहोटी
22 मे, रात्री 9.00

काका, तुमच्याविषयी आदर आहे, पण माझं मन मानत नाही. ती जागा रिकामी जाणार नाही. 27 जूनला कंपनी ती दुसऱ्याला विकणारच, सुट्टीच्या मोसमात तर दुप्पट दरानं. एका खुर्चीचे दोनदा पैसे घेणं हे न्यायाचं कसं? सरकारनं यावर काही नियम केलेत की नाहीत?

---

ॲड_शमी
23 मे, सकाळी 9.45

नियम आहेत. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांच्या नियमावलीत सेक्शन 3, सीरीज एम, पार्ट 2 हा खास तिकिटांच्या रिफंडवर आहे. 2008 सालचा, 1 ऑगस्ट 2016 पासून त्यात बऱ्याच सुधारणा लागू झाल्या. त्यातलं या धाग्याला लागू पडणारं सांगते.

तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा "नो शो" झाला, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यायची. भाडं "नॉन-रिफंडेबल" असलं तरीही. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. म्हणजे काकांनी सांगितलं तेच, दंड करांना शिवू शकत नाही. रिफंडची प्रक्रिया करून देण्याचे वेगळे पैसे कंपनीनं घ्यायचे नाहीत. क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर रद्द केल्यापासून 7 दिवसांत कार्डावर जमा. एजंटकडून तिकीट काढलं असेल तरी जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट तिचा प्रतिनिधी, आणि ते ठरलेल्या मुदतीत पुरं व्हायला हवं. आणि पैसे "क्रेडिट शेल"मध्ये (पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा) ठेवायचे की हातात घ्यायचे हे प्रवाशानं ठरवायचं. कंपनीनं परस्पर तिकडे वळवायचे नाहीत. करोनाच्या वेळी हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि 1 ऑक्टोबर 2020 च्या आदेशात टाळेबंदीतल्या तिकिटांचे रिफंड कसे द्यायचे हे न्यायालयानं आखून दिलं.

आता अबोलीच्या प्रश्नाचं उत्तर. परदेशी कंपन्यांना त्याच नियमावलीत म्हटलंय की त्यांनी रिफंड आपापल्या देशाच्या नियमांप्रमाणे द्यावा, मात्र पैसे परत करण्याची पद्धत इथल्या तरतुदींनुसार असावी. त्यामुळे काही परदेशी कंपन्या कर परत देताना प्रक्रिया शुल्क लावतात. ते त्यांच्या अटींत लिहिलेलं आहे का, एवढं विचारायचा हक्क तुला आहे.

भरतीओहोटी, तुम्ही म्हणता त्या ग्राहक मंचाबद्दल, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाबद्दल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. दार उघडं आहे, पण आत गेल्यावर आयोग तिकिटाच्या अटी वाचतो. "अर्धं भाडं द्या" या मागणीला अटींसमोर टिकणं अवघड जातं. "न वापरलेले कर दिले नाहीत" किंवा "हिशेब मागूनही दिला नाही" ही तक्रार टिकते. खुर्ची पुन्हा विकली जाते हा तुमचा मुद्दा मला पटतो. पण तो कायद्यात यायला हवा, आज तो तिथे नाही.

---

भरतीओहोटी
23 मे, सकाळी 10.20

पटलं. निदान कर तरी कुणी सोडू नयेत. माझ्या भावाचे दोन वर्षांपूर्वीचे असेच राहिलेत, ते बघतो. मुदत गेली असेल का?

---

तिकीटखिडकी
23 मे, सकाळी 11.00

तिकिटाची वैधता बहुधा प्रवास सुरू झाल्यापासून एक वर्ष असते आणि रिफंडचा अर्ज त्याच्याशी बांधलेला असतो. दोन वर्षं म्हणजे अवघड. पण एक ईमेल पाठवायला काय जातं, पाठवा.

अर्ज कुणाकडे करायचा तेही सांगतो, कारण यात लोक फार हेलपाटे घालतात. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे बघा. ती कंपनीची खूण असते. 098 एअर इंडिया, 125 ब्रिटिश एअरवेज, 176 एमिरेट्स, 220 लुफ्तान्सा, 157 कतार. विमान कुणाचंही असो, तिकीट ज्या कंपनीच्या क्रमांकावर निघालं तिच्याकडेच रिफंड मागायचा. जाण्याचा आणि येण्याचा तिकीट क्रमांक वेगवेगळा दिसला तर ती मुळात दोन स्वतंत्र तिकिटं आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि मग परतीच्या तिकिटाला एकेरी भाड्याची वजाबाकीही लागत नाही. हल्ली बुकिंगची संकेतस्थळं स्वस्त पडावं म्हणून अशी जोडी बरेचदा लावतात.

आणखी एक. कंपनीनंच परतीचं विमान रद्द केलं किंवा वेळ फार बदलली, तर आपण होऊन "रद्द करा" दाबू नका. दाबलंत की ते तुमच्या मर्जीनं रद्द झालेलं धरलं जातं आणि दंड लागतो. "कंपनीनं रद्द केलं म्हणून रिफंड" अशी वेगळी मागणी करायची. इंग्लंड किंवा युरोपातून निघणारं विमान कंपनीनं रद्द केलं, तर ती कुठल्याही देशाची असो, न झालेल्या टप्प्याचे पैसे 7 दिवसांत देणं तिथल्या कायद्यानं तिच्यावर बंधनकारक आहे.

---

रानजाई
23 मे, दुपारी 3.30

काका, आजारपणात काही सूट मिळते का? इथे कितीतरी जणांचे आई-वडील येतात आणि कुणी पडतं, कुणाला दवाखान्यात ठेवावं लागतं. व्हिजा सहा महिन्यांचा, तारखा जवळ आलेल्या, आणि डॉक्टर विमानात बसू नका म्हणतात.

---

तिकीटखिडकी
23 मे, सायंकाळी 6.45

मिळते, पण मागावी लागते. बऱ्याच कंपन्यांच्या प्रवासाच्या अटींत एक कलम असतं : प्रवास सुरू झाल्यावर प्रवासी आजारी पडला, तर वैद्यकीय दाखल्यावर तिकिटाची वैधता वाढवून देता येते, साधारण तीन महिन्यांपर्यंत. प्रवासात मृत्यू झाला तर सोबतच्यांच्या तिकिटांची मुदत 45 दिवसांपर्यंत वाढवतात, किमान मुक्कामाची अट सोडतात. बऱ्याच ठिकाणी जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूलाही ते लागू असतं.

अबोलीताई, तुमच्या आत्याबाईंच्या आजारपणात हे लागू झालं असतं का, हे कंपनीच्या अटीतल्या "जवळचे नातेवाईक" या व्याख्येवर अवलंबून. बहीण त्यात पुष्कळदा असते. त्या घाईत ते कुणाला सुचणार. तरी मृत्यूचा दाखला रिफंडच्या अर्जासोबत जोडा आणि दंड माफ करावा अशी विनंती करा. माफ झाला तर भाड्यातले थोडे निघतील.

प्रवास विमा काढला होता का? त्यात प्रवास अर्धवट सोडावा लागला तर भरपाई असते. विमावाले विचारतात, कंपनीनं किती परत दिले? त्यासाठी कंपनीकडून लेखी पत्र घ्यायचं, इतका रिफंड दिला, बाकी देय नाही, असं.

---

अबोली_कर्वेनगर
24 मे, रात्री 9.15

आज एजंटकडे जाऊन आले. बाबांना सोबत नेलं होतं. पावतीवर जीबी आणि यूबी पेन्सिलनं अधोरेखित करून नेल्या होत्या. ते गृहस्थ दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, हे निघेल." आवाज चढवावा लागला नाही. दोघांचा परतीचा टप्पा माझ्यासमोर रद्द करून घेतला, तसा ईमेल आला. एकेरी भाडं त्यांनी काढून दाखवलं, 29,500. म्हणजे काकांच्या अंदाजाच्या जवळच. भाड्यातून काही नाही. आत्याच्या मृत्यूचा दाखला जोडून दंडमाफीची विनंती केलीय.

विमा होता, पण पॉलिसीत "जवळचे नातेवाईक" म्हणजे पती-पत्नी, मुलं, आई-वडील एवढेच. बहीण नाही. तो रस्ता बंद.

---

पिंपळपान
24 मे, रात्री 9.50

वाचनखूण साठवली. आमची तिकिटं अकरा महिन्यांपूर्वीची आहेत. आजच पावती शोधायला घेतली.

---

अबोली_कर्वेनगर
3 जुलै 2024, रात्री 8.30

धागा वर आणते, कारण आज पैसे जमा झाले. कंपनीनं दोघांचे 28,540 दिले. एजंटनं आपला आकार तिकिटामागे 500 घेतला, बाबांच्या खात्यावर 27,540 आले. दंडमाफी नाकारली, पण दोन ओळींचं कारण लेखी दिलं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आणि एअरसेवा (विमान प्रवासाच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल), दोन्हींची माहिती काढून ठेवली होती, गरज पडली नाही.

बाबांनी यातले दहा हजार आत्याच्या नातीच्या कॉलेजच्या फीला पाठवले. आई म्हणते, काकांना घरी जेवायला बोलाव.

---

तिकीटखिडकी
3 जुलै, रात्री 9.40

जेवायला नक्की येईन. पुण्याला येणं झालं की कळवतो.

पिंपळपान, तुमची पावती सापडली का? अकरा महिने म्हणालात ते मे महिन्यात. तुमच्या तिकिटाचं वर्ष कधी भरलं ते उद्या सकाळीच बघा. भरून चार-आठ दिवसच झाले असतील तरी अर्ज टाका, आणि करांची रांग इथे लिहा.